कंबरेचं पीस बघा: कोंबडीच्या पिल्लांत नर-मादी ओळखताना

पिल्लू हातात घेण्याआधी त्याचं वय विचारा. पिसांवरून नर की मादी हे कळतं, पण बघायची जागा वयाप्रमाणे बदलते. पहिल्या दिवशी पंखाची कड, महिना-दीड महिन्याच्या आत पाठ, दोन महिन्यांना छाती आणि खांदे, आणि तीन-साडेतीन महिन्यांना कंबर, म्हणजे शेपटीच्या अगदी अलीकडची जागा. चुकीच्या वयात चुकीच्या जागी बघितलं की जाणत्या माणसाचाही अंदाज फसतो.

आमचं घर नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागेला लागून. मागच्या अंगणात पंचवीस-तीस पक्षी कायम असतात. गावठी जास्त, काही आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) या तांबड्या जातीच्या रक्ताचे, दोन-तीन कडकनाथ. सासूबाईंनी खुराडं माझ्या हातात दिलं त्याला अठरा वर्षं झाली. तेव्हापासून प्रत्येक रवणीची, म्हणजे एका वेळी उबवायला घातलेल्या अंड्यांची, तारीख, किती अंडी घातली, किती फुटली, आणि कुठलं पिल्लू शेवटी काय निघालं हे मी वहीत लिहिते. खाली जे सांगते आहे ते बरंचसं त्या वहीतलं आहे.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. हरसूलकडची एक बाई आमच्याकडे बागेच्या कामाला येते. परवाच्या वर्षी एप्रिलची खरड छाटणी उरकून घरी जाताना तिने माझ्याकडून दहा पिल्लं नेली. तीन महिन्यांची झाल्यावर तिने ती तुऱ्यावरून निवडली. मोठ्या, लाल तुऱ्याचे पाच ‘कोंबडे’ म्हणून विकले आणि बारीक तुऱ्याच्या पाच ‘कोंबड्या’ ठेवल्या. ऑक्टोबरच्या छाटणीला परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. विकलेल्यांपैकी दोन शेजारणीने कापायच्या म्हणून घेऊन तशाच ठेवल्या होत्या, त्या दसऱ्याला अंड्यावर आल्या. हिच्या पाचांतले तीन पहाटे आरवायला लागले. अंड्याच्या पैशावर पोरीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघेल असा तिने हिशोब धरला होता.

तिचं निरीक्षण कमी पडलं नव्हतं, तुऱ्याने दगा दिला. त्या वर्षी माझ्या कळपात अर्धवट असील रक्ताचा कोंबडा होता. असीलचा तुरा बुटका, डोक्याला चिकटलेला, तीन बारीक ओळींचा असतो, आणि हा गुण पुढच्या पिढीत जोरात उतरतो. त्याची निम्मी पिल्लं तसल्या तुऱ्याची निघाली, नरसुद्धा. उलट माझ्या दोन कोंबड्या लेगहॉर्न रक्ताच्या. त्यांच्या मुलींचा तुरा लवकर वाढतो आणि लवकर लाल होतो. मिसळ रक्ताच्या पिल्लांत तुरा फक्त आई-बापाचं घराणं सांगतो. कडकनाथमध्ये तर तो काळपट-जांभळा, लाल होण्याची वाट बघण्यात अर्थच नाही. त्या दिवशी तिने तुऱ्याऐवजी कंबर बघितली असती, तर त्या दोन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, तिच्याच अंगणात राहिल्या असत्या.

पहिले दोन-तीन दिवस

पिल्लाला तळहातावर बसवा, अंगठ्याने पंख हलकेच उलगडा. पंखाच्या बाहेरच्या कडेला सुईसारख्या पिसांची एक ओळ दिसते आणि तिच्यावर झाकण घालणारी दुसरी ओळ. खालची ओळ वरच्या ओळीपेक्षा स्पष्ट लांब असेल, एक लांब एक आखूड अशी, तर मादी. दोन्ही सारख्या लांबीच्या, किंवा वरचीच थोडी लांब, तर नर. दोन-तीन दिवसांनंतर सगळ्यांचीच पिसं वाढतात आणि हा फरक पुसला जातो.

मोबाइलवर ही युक्ती सगळीकडे फिरते, आणि लोक ती गावठी पिल्लांवर लावतात. तिथे ती चालत नाही. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यांत ते आईकडून ठरतं. नराकडे झेड नावाची दोन गुणसूत्रं असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. पिसं हळू फुटावीत की लवकर, याचा एक गुण या झेडवर बसलेला असतो. आई आपलं एकुलतं झेड फक्त नर पिल्लांना देते. मादी पिल्लांना झेड येतं ते बापाचं. म्हणून हॅचरीवाले मुद्दाम हळू पिसं फुटणारी आई आणि लवकर पिसं फुटणारा बाप अशी जोडी लावतात. मग सगळे नर आईसारखे हळू, सगळ्या माद्या बापासारख्या लवकर, आणि पंख उघडला की निवाडा. आपल्या अंगणात अशी जोडी कुणी लावलेली नसते. मी एकदा अकरा गावठी पिल्लांच्या पायात रंगीत दोरे बांधून पंखावरून अंदाज लिहून ठेवला होता. चार महिन्यांनी ताडून बघितलं तर पाच बरोबर, सहा चूक. नाणं उडवून यापेक्षा वाईट झालं नसतं. तेव्हापासून गावठी पिल्लांचा पंख मी त्यासाठी उघडत नाही.

गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात गुलाबी, हिरवी रंगवलेली पिल्लं दिसली आणि मुलांनी हट्ट धरला, तर एवढं लक्षात ठेवा: अशी पिल्लं बहुतेक अंड्यांच्या जातीच्या हॅचरीत नको झालेले नर असतात. त्यांची निवड आधीच होऊन गेलेली असते. अंडी मिळतील म्हणून ती घेऊ नका.

शेपटीखाली दाबून लिंग ओळखायची पद्धतही आहे. जपानमध्ये १९२०च्या दशकात ती शोधली गेली आणि शिकलेले लोक ती झपाट्याने करतात. घरी करू नका. अननुभवी बोटांनी पिल्लाचं पोट आतून दुखावतं. टोकदार अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी हेही मनातून काढून टाका. पिल्लू नर की मादी हे कवच बनण्याच्या आधीच ठरलेलं असतं.

पट्टेरी कबरी आणि तिच्या डोक्यावरचा ठिपका

गावठी कळपातसुद्धा एका जोडीची पिल्लं जन्माच्या दिवशी शंभर टक्के ओळखता येतात, आणि मला हा प्रकार फार आवडतो. आई पट्टेरी कबरी हवी, म्हणजे प्लायमाउथ रॉक कोंबडीसारखी, प्रत्येक पिसावर काळा-पांढरा आडवा पट्टा असलेली. नुसती ठिपक्याठिपक्यांची कबरी चालत नाही. बाप बिनपट्ट्याचा हवा, आरआयआरसारखा तांबडा उत्तम. यांची पिल्लं काळ्या लवेची निघतात. ज्याच्या डोक्यावर पांढुरका ठिपका तो नर, जिचं डोकं सबंध काळं ती मादी. पट्ट्याचा गुणही झेडवरच बसतो, त्यामुळे आई तो फक्त मुलांना देते. पुढे पिसं फुटली की नर पट्टेरी होतात आणि माद्या काळ्या राहतात, म्हणजे पहिल्या दिवशीचा अंदाज डोळ्यांदेखत खरा ठरतो.

जोडी उलटी करून चालत नाही. बाप पट्टेरी आणि आई तांबडी असेल तर मुलगे-मुली दोघांनाही पट्टे येतात आणि काहीच वेगळं काढता येत नाही. आई-बाप दोघेही पट्टेरी असतील तर नराच्या वाट्याला पट्ट्याचा गुण दुप्पट येतो, म्हणून तो एकूण पांढुरका दिसतो, आणि मादी त्याच्यापेक्षा गडद. पण तिथे दोघं शेजारी ठेवून बघावं लागतं.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पाठ

जड अंगाच्या पक्ष्यांत, म्हणजे आरआयआर किंवा त्याच्या रक्ताच्या संकरात, माद्या आधी पिसांनी भरतात. तिसऱ्या आठवड्यात मादीच्या शेपटीचा छोटा पंखा उभा राहिलेला असतो, पंख नीट मिटलेले, पाठीवर पिसांची घडी बसायला लागलेली. नर त्याच वयात ओबडधोबड दिसतो. शेपटीच्या जागी नुसता खुंट, पाठीवर आणि खांद्यांवर अजून लव, कुठे कुठे कातडी उघडी. हलक्या जातींत आणि बऱ्याच गावठी पिल्लांत दोघंही लवकर पिसं धरतात, तिथे हा फरक पुसट असतो.

पिल्लांची तुलना त्याच रवणीच्या भावंडांशीच करा. दोन रवण्यांत पाच दिवसांचं अंतर असलं तरी धाकटी मादी थोरल्या मादीपुढे नरासारखी उघडी दिसते. बाजारातून वेगवेगळ्या टोपल्यांतली पिल्लं आणली असतील तर या वयात निवड करूच नका.

आणखी एक खबरदारी. उघडी पाठ दिसली की आधी पिल्लू उजेडात धरा. उशिरा पिसं फुटणाऱ्या नराच्या पाठीवर लव शाबूत असते आणि तिच्यातून पिसांचे कोंब वर येताना दिसतात. भावंडांनी टोचून पिसं उपटली असतील तर तुटके खुंट, कधी रक्ताचा डाग, आणि लाल झालेली कातडी दिसते. उवा झाल्या असतील तर शेपटीखाली आणि पंखांखाली पिसं बाजूला केल्यावर त्या पळताना दिसतात. नुसत्या कणीवर वाढवलेल्या पिल्लांचीही पिसं रेंगाळतात, कारण पीस बनायला प्रथिनं लागतात. माझ्याकडे एकदा कणी-भरड्यावर वाढलेली अख्खी रवणी नरांसारखी दिसत होती. चिक स्टार्टर (पिल्लांचं तयार खाद्य) सुरू केल्यावर काही आठवड्यांत त्यातल्या निम्म्या सुबक तलंगा झाल्या.

नाशिकच्या थंडीत या फरकाचा एक उपयोगही होतो. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे आणि निफाडकडे पारा दहाच्या खाली जातो. चार आठवड्यांची झाली म्हणून बल्ब काढून टाकला तर पिसांनी भरलेल्या माद्या ती रात्र निभावतात, उघड्या पाठीचे नर एकमेकांच्या अंगावर चढून गुदमरतात. पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश ऊब द्यायची आणि दर आठवड्याला तीन-तीन अंशांनी उतरवायची हा नेहमीचा नियम आहे. थंडीच्या रवणीत मात्र मी सगळ्यात उघडं पिल्लू बघते आणि त्याची पाठ झाकली की मगच बल्ब काढते.

दोन महिन्यांना रंग

हे फक्त गव्हाळ, तांबूस, तित्तरी रंगाच्या पक्ष्यांसाठी. मादीचा रंग सगळीकडे एकसारखा राहतो: पाठीवर बारीक नक्षी, छाती फिकट तांबूस. नराचा रंग फुटायला लागतो. खांद्यावर गडद, जवळजवळ डाळिंबी तांबडी पिसं ठिगळासारखी उगवतात, छातीवर काळी पिसं अधूनमधून डोकावतात. एका पक्ष्यावर दोन रंगांची ठिगळं दिसली आणि खांदा तांबडा झाला की मी वहीत ‘नर’ लिहून टाकते. पांढऱ्या आणि संपूर्ण काळ्या पक्ष्यांत या वयात रंगावरून काही लिहीत नाही. काळ्या पक्ष्याच्या मानेवरची हिरवट चमक नरातच असते असं लोक मानतात, पण काळ्या कोंबडीलाही ती असते.

कंबर

आता मुख्य गोष्ट. साधारण बाराव्या आठवड्यापासून कंबरेवर नवीन पिसं येतात. एखाद्या पक्ष्यात दहाव्यालाच, एखाद्यात सोळाव्याला. संध्याकाळी पक्षी खुराड्यात बसले की टॉर्च घेऊन जा. दिवसा पकडायला गेलात तर धावाधाव होईल आणि पक्षी बिथरेल. पक्ष्याचं डोकं मागे आणि शेपटी तुमच्या समोर येईल असा तो डाव्या काखेत धरा, पंख दाबून. उजव्या हाताने शेपटीच्या अलीकडची पिसं उलट्या दिशेने फुंकर घालून किंवा बोटाने वर करा आणि एक पीस दोन बोटांत सरळ धरा.

मादीचं पीस रुंद, आणि त्याचं टोक गोल, चिंचेच्या पानासारखं. नराचं पीस अरुंद, लांब, आणि टोकाला निमुळतं, भाताच्या पात्यासारखं. नराच्या पिसाच्या कडा वेगळ्याच असतात. तिथले तंतू एकमेकांत अडकलेले नसतात, त्यामुळे कड झालरीसारखी सुटी आणि चकचकीत दिसते. टॉर्चच्या उजेडात ती लगेच नजरेत भरते. काळ्या, पांढऱ्या, कडकनाथ, कुठल्याही रंगात हे जमतं, कारण इथे रंग बघायचा नसून आकार बघायचा असतो.

मानेची पिसं बघून ठरवू नका. तलंगेच्या मानेचं पीसही बऱ्यापैकी निमुळतं असतं आणि तिथे खूप जण फसतात. कंबरेत तशी गल्लत होत नाही.

टोकदार पीस दिसलं तर तो नर, निर्धास्त लिहा. गोल दिसलं तर मात्र लगेच ‘मादी’ लिहू नका. पिल्लाची लव गेल्यावर येणारी पहिली पिसं नर-मादी दोघांचीही गोलसर असतात. ती झडून पुढची येतात, आणि नराचं टोकदार पीस त्या नंतरच्या भरतीत येतं. दहा आठवड्यांच्या नराच्या कंबरेवर जुनं गोल पीस आणि त्याच्या बुडाशी नवा कोंब, दोन्ही एकाच वेळी असू शकतात. म्हणून गोल पीस दिसलं की बुडाशी कोंब शोधा. कोंबाचं वेष्टण टोकाला फाटून जे बाहेर डोकावतंय ते निमुळतं आहे का गोल, ते बघा. कोंबही गोलच उघडत असतील आणि पक्षी सोळा आठवड्यांचा झाला असेल, तर ‘तलंग’ लिहायला हरकत नाही. असीलची पिसं अंगाला घट्ट, आखूड आणि उशिरा पक्व होणारी, त्यांना मी पाच महिने देते.

हे गोल-टोकदार कशामुळे होतं ते कळलं की एक जुनी भीतीही जाते. पिसाला गोल करतो तो मादीच्या अंडाशयातला हार्मोन. तो नसेल तर पीस आपोआप कोंबड्याच्या वळणाचं होतं. म्हणून एखाद्या म्हाताऱ्या कोंबडीचं अंडाशय आजाराने निकामी झालं की पुढच्या पिसझडीनंतर तिला कोंबड्यासारखी टोकदार पिसं येतात, आणि क्वचित ती आरवतेसुद्धा. आपल्याकडे कोंबडी आरवली की अपशकुन म्हणून तिला त्याच दिवशी कापतात. तिचं अंडाशय बंद पडलं आहे, एवढंच झालेलं असतं. माझ्याकडची अशी एक भुरी पुढे दोन वर्षं पिल्लांमागे फिरत होती आणि घारीवर सगळ्यात आधी तीच ओरडायची.

दोरा आणि वही

निवड चुकते ती बहुतेक वेळा आठवणीच्या भरवशावर. पिल्लं सारखी दिसतात. गेल्या आठवड्यात कुठल्याची पाठ उघडी होती हे दोन दिवसांत विसरायला होतं. मी सुती दोरे वापरते, सैल गाठ मारून. निळा म्हणजे नर वाटतो, पिवळा म्हणजे मादी वाटते, लाल म्हणजे अजून माहीत नाही. पाय भराभर जाड होतो, त्यामुळे दर आठवड्याला दोरा सोडून परत बांधायचा. विसरलात तर तो मांसात रुततो आणि पक्षी लंगडा होतो. नायलॉनचा दोरा वापरू नका.

निम्मे नर निघणार हे धरूनच चला. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो, बाकीचे विकावे लागतात, आणि म्हणूनच विकण्याआधी कंबर बघायची. शहरात सिडको-इंदिरानगरकडे गच्चीवर पाळणाऱ्यांनी तर खांदा तांबडा दिसला की नर गावाकडे पोहोचवायची सोय करावी, पहाटेच्या आरवण्यावरून शेजाऱ्यांशी भांडण व्हायच्या आत.

हरसूलच्या त्या बाईने या वर्षी भाताची आवणी उरकल्यावर जुलैत स्वतःच्या खुडूक कोंबडीखाली बारा अंडी घातली. नऊ पिल्लं निघाली. डिसेंबरात कामावर आली तेव्हा सात जणांचं तिने घरीच ठरवलं होतं, आणि लाल दोऱ्याचे दोन डालग्यात घालून इथवर आणले होते. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघी खुराड्यापाशी बसलो. टॉर्च मी धरला, पिसं तिनेच वर केली. पहिल्याच्या बुडाशी तीन कोंब होते, तिन्ही भाताच्या पात्यासारखे उघडत होते. दुसरीचे कोंब तिने बराच वेळ बोटांत फिरवून बघितले, परत परत बघितले. मग म्हणाली, “काकू, हे गोल हाय.” मी मान हलवली. तिने लाल दोरा सोडला आणि कनवटीचा पिवळा काढून त्याच पायात सैल गाठ मारली.